‘अनोळखी मेल उघडू नका’: एका सल्ल्याचा इतिहास

अनोळखी माणसाकडून आलेला ई-मेल उघडू नका, आणि उघडलाच तर त्याला जोडलेल्या फाईलला हात लावू नका. घरोघरी कॉम्प्युटर आले तेव्हापासून हा सल्ला वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांनी दिला, बँकांच्या पत्रकांनी दिला, शाळेतल्या कॉम्प्युटरच्या बाईंनी दिला आणि फॉरमॅट मारायला घरी येणाऱ्या मुलानेही दिला. सल्ला चुकीचा म्हणता येणार नाही. पण त्याच्या पोटात एक गृहीतक आहे. नुकसान झालं तर ते उघडणाऱ्याच्या वेंधळेपणामुळे झालं, हे ते गृहीतक. ई-मेलमधून पसरलेल्या व्हायरसांचा इतिहास वर्षावार मांडला की ते टिकत नाही. घरगुती कॉम्प्युटर बनवणाऱ्यांनी तो सताड उघडा विकला आणि कड्या लावायचं काम विकत घेणाऱ्याच्या गळ्यात घातलं. पुढे तो पुष्कळ सुरक्षित झाला हे खरं, पण त्याचं मोठं श्रेय उपदेशाला जात नाही. ज्या ज्या वेळी कंपनीने मूळ सेटिंग बदलली, त्या त्या वेळी एकेक रोग हटला, आणि दर वेळी ती सेटिंग बदलायला कंपनीने वर्षानुवर्षं घेतली.

सुरुवात फ्लॉपीच्या काळात झाली. १९८६ साली लाहोरच्या बासित आणि अमजद फारूख अल्वी या भावांनी ‘ब्रेन’ नावाचा व्हायरस लिहिला आणि त्यात स्वतःचं नाव, दुकानाचा पत्ता आणि फोन नंबरही घातला. फ्लॉपी हातोहात फिरे, त्यामुळे रोगही माणसाच्या चालीने फिरे. पत्रातून पसरणारा प्रकार मात्र तेवढाच जुना आहे, हे सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. डिसेंबर १९८७ मध्ये जर्मनीतल्या क्लाउस्टाल विद्यापीठातून एक ख्रिसमसचं शुभेच्छापत्र निघालं. ते चालवलं की पडद्यावर अक्षरांचं झाड उमटे, आणि दरम्यान तो प्रोग्राम त्या माणसाच्या पत्त्यांची यादी वाचून यादीतल्या प्रत्येकाला आपलीच एकेक प्रत धाडून देई. विद्यापीठांच्या जाळ्यातून तो आयबीएमच्या अंतर्गत जाळ्यात शिरला आणि तिथली वाहतूक त्याने तुंबवली. आलेल्या पत्रातला प्रोग्राम चालू शकतो, त्याला पत्त्यांची वही वाचता येते आणि मालकाच्या नावाने पत्रंही पाठवता येतात, या तीन गोष्टी एकत्र आल्या की काय होतं ते १९८७ सालीच दिसलं होतं. पुढच्या दशकात घराघरांत जे सॉफ्टवेअर गेलं, त्यात या तिन्ही सोयी पहिल्या दिवसापासून चालू होत्या.

त्याचं फळ २६ मार्च १९९९ रोजी ‘मेलिसा’ने दाखवलं. वर्डच्या कागदात लपलेला हा मॅक्रो, म्हणजे कागदाबरोबरच येणारा छोटा प्रोग्राम, आउटलुकच्या यादीतल्या पहिल्या पन्नास पत्त्यांवर स्वतःला पाठवत असे, आणि पत्राच्या विषयात पाठवणाऱ्याचं खरं नाव असे. मोठमोठ्या कंपन्यांना आपली ई-मेल यंत्रणा काही काळ बंद ठेवावी लागली. न्यू जर्सीतला डेव्हिड स्मिथ पकडला गेला, त्याने गुन्हा कबूल केला आणि २००२ साली त्याला वीस महिन्यांची कैद झाली. मूळ मांडणी मात्र होती तशीच राहिली. तेराच महिन्यांनी, ४ मे २००० रोजी, फिलिपिन्समधून ‘आय लव्ह यू’ निघाला. आशियातली कार्यालयं उघडली तशी त्याची पहिली लाट उठली आणि सूर्याबरोबर ती युरोपात आणि अमेरिकेत गेली. ब्रिटिश संसदेच्या हाउस ऑफ कॉमन्सलाही आपली मेल बंद करावी लागली. पत्राला जोडलेल्या फाईलचं नाव होतं ‘लव्ह-लेटर-फॉर-यू.टीएक्सटी.व्हीबीएस’. शेवटची तीन अक्षरं सांगत होती की हा प्रोग्राम आहे. पण ओळखीच्या प्रकारातल्या फाईलींची शेवटची अक्षरं दाखवायची नाहीत, अशी विंडोजची मूळ सेटिंग होती. साहजिकच बहुतेकांना दिसला तो ‘टीएक्सटी’वर संपणारा साधा मजकूर. दोनदा क्लिक केलं की ती फाईल चालवणारं इंजिन, विंडोज स्क्रिप्ट होस्ट, विंडोज ९८ बरोबर न मागताच आलेलं होतं. घरी त्याचा उपयोग करणारा माणूस विरळाच. प्रोग्राम चालू झाला की छायाचित्रांच्या फाईलींवर तो स्वतःला लिहून त्या नष्ट करी आणि पत्त्यांच्या वहीतल्या झाडून सगळ्यांना पुढे जाई. म्हणजे घरी आलेलं पत्र मेव्हण्याचं असायचं, साहेबांचं असायचं किंवा कॉलेजातल्या मैत्रिणीचं. अनोळखी माणसापासून सावध राहा, हा सल्ला तंतोतंत पाळणाऱ्यालाही तो कुठेच अडवत नव्हता. ज्याच्या हाती बाटली होती त्याच्यासाठी तिच्यावरची चिठ्ठी झाकलेली, आणि विषबाधा झाली तर दोष पिणाऱ्याचा, असा हा न्याय होता.

दोष शोधायला निघालेल्यांना मनिलातला एक विद्यार्थी सापडला. ओनेल दे गुझमन याने आपल्या कॉलेजात इंटरनेटचे पासवर्ड चोरणाऱ्या प्रोग्रामचा प्रबंध सुचवला होता आणि तो नाकारला गेला होता. इंटरनेट महाग, खिसा रिकामा, म्हणून दुसऱ्याचे पासवर्ड हवेत, एवढाच त्यामागचा विचार. हे त्याने वीस वर्षांनी एका ब्रिटिश पत्रकाराजवळ कबूलही केलं. त्याच्यावर खटला मात्र चालू शकला नाही, कारण फिलिपिन्समध्ये असा कायदाच नव्हता. तो जून २००० मध्ये झाला आणि मागच्या तारखेने लागू करता येईना. भारताचा माहिती तंत्रज्ञान कायदा त्याच वर्षीचा. १७ ऑक्टोबर २००० पासून तो लागू झाला आणि त्याच्या कलम ४३ मध्ये दुसऱ्याच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस घालणाऱ्याकडून भरपाईची तरतूद आली. हे कायदे आवश्यकच होते. पण जगभरच्या चर्चेत खुर्च्या दोनच मांडल्या गेल्या, एक व्हायरस लिहिणाऱ्या पोराची आणि दुसरी क्लिक करणाऱ्या भाबड्या माणसाची. तिसरी खुर्ची, फाईलच्या नावाचं शेपूट लपवणारी सेटिंग ठरवणाऱ्याची, रिकामीच राहिली.

यावर पहिला आक्षेप येईल तो असा की, माणसाने शिकायला नको का? गाडी चालवायची तर परवाना लागतो, मग कॉम्प्युटरलाच सूट कशाला? शिकायला हवं हे मान्य. पण काय शिकायचं, हे तरी स्थिर असायला हवं. १९९४ साली ‘गुड टाइम्स’ नावाची एक अफवा जगभर फिरली. या नावाचं पत्र नुसतं वाचलं तरी हार्ड डिस्क पुसली जाते, असं त्यात म्हटलं होतं. जाणकार हसले आणि त्यांनी लोकांना समजावलं की नुसतं पत्र वाचून व्हायरस लागत नाही, फाईल चालवावी लागते. लोक ते शिकले. नोव्हेंबर १९९९ मध्ये ‘बबलबॉय’ आला आणि तो पत्र उघडताच चालू झाला. आउटलुक एक्स्प्रेसमध्ये तर बाजूच्या चौकटीत पत्राची नुसती झलक दिसली तरी पुरे. कारण दरम्यान पत्रात वेबपान आणि स्क्रिप्ट चालवायची सोय घालण्यात आली होती. पाच वर्षांपूर्वी ज्यांना खुळ्यात काढलं होतं ते लोक, त्यांचा काही संबंध नसताना, बरोबर ठरले. जिथे शिक्षणाचा पाठच असा परस्पर बदलला जातो, तिथे विद्यार्थ्याला नापास करण्यात अर्थ नसतो. आणि ‘आय लव्ह यू’नंतर जून २००० मध्ये मायक्रोसॉफ्टने धोकादायक फाईली अडवणारी जी दुरुस्ती आणली, ती कार्यालयांतल्या आउटलुकसाठी होती. घरी वापरलं जाणारं फुकटचं आउटलुक एक्स्प्रेस त्यातून वगळलेलं होतं. त्याला तसा पर्याय नंतर मिळाला, आणि तोही सुरुवातीला बंद अवस्थेत.

त्यानंतर असे हल्ले आले की ज्यांत क्लिक करणारा माणूस उरलाच नाही. १५ जानेवारी २००२ रोजी बिल गेट्स यांनी कर्मचाऱ्यांना पत्र लिहून सुरक्षितता नव्या सोयींच्या आधी येईल असं जाहीर केलं होतं. ती भाषा प्रामाणिक होती असं मी धरून चालतो. पण तोवर विकलेला विंडोज एक्सपी घरोघरी पोचला होता आणि त्यातली फायरवॉल बंद ठेवून दिलेली होती. ११ ऑगस्ट २००३ रोजी ‘ब्लास्टर’ सुटला. त्याला ना पत्र लागलं ना फाईल. इंटरनेटला जोडलेलं यंत्र शोधून तो थेट आत शिरे आणि ते यंत्र मिनिटाभराची सूचना देऊन आपोआप बंद-चालू होत राही. दुरुस्ती १६ जुलैलाच प्रसिद्ध झालेली होती, असा बचाव तेव्हा झाला. तो बचाव भारतातल्या घरातून कसा दिसतो ते पाहा. सॅन्स या संस्थेच्या निरीक्षणानुसार २००४ च्या उन्हाळ्यात दुरुस्ती न केलेलं विंडोज यंत्र इंटरनेटला जोडल्यावर सरासरी वीस मिनिटांत बाधित होत होतं. ऑगस्ट २००४ मध्ये आलेला एक्सपीचा दुरुस्तीसंच, सर्व्हिस पॅक २, पुरता उतरवायचा तर अडीचशे एमबीहून मोठा. ५६ केबीपीएसच्या डायल-अपवर त्याला, पूर्ण वेग मिळून आणि लाइन एकदाही न तुटता, दहा तास लागणार. औषध घरी येईपर्यंत रोगी कितीदा दगावेल याचा हिशेब वाचकाने करावा. ब्लास्टरच्या पोटात गेट्स यांना उद्देशून एक ओळ सापडली होती. पैसे मिळवणं थांबवा आणि सॉफ्टवेअर नीट करा, अशा आशयाची. गुन्हेगाराच्या तोंडची म्हणून ती खोटी ठरत नाही.

सर्व्हिस पॅक २ ने केलेली मुख्य गोष्ट अगदी साधी होती. आधीपासून यंत्रात असलेली फायरवॉल त्याने चालू करून ठेवली, आणि बाहेरून आलेल्या फाईलींवर खूण करून त्या उघडताना विचारायला सुरुवात केली. ब्लास्टरच्या जातीचा, न बोलावता आत घुसणारा किडा त्यानंतर नव्या घरगुती यंत्रांना पूर्वीसारखा सतावू शकला नाही. विंडोज सगळ्यात जास्त वापरलं जातं म्हणूनच त्यावर हल्ले होतात, हा एक नेहमीचा बचाव आहे, आणि इथे तो कोसळतो. २००३ ते २००५ या काळात विंडोजचा वाटा काही घसरला नव्हता. वापरणारे तेच, त्यांची अक्कल तीच, बाजारही तोच. बदललं ते एक बटण. वाट्यामुळे चोरांची नजर जाते हे खरं, पण कुलूप नसण्याचं कारण तो वाटा होत नाही.

महाराष्ट्रात या कथेला आणखी एक पदर आहे, आणि तो माझ्या युक्तिवादाला अडचणीचा आहे. इथला नव्वदीतला आणि दोन हजारच्या दशकातला घरगुती कॉम्प्युटर बहुधा कंपनीचा नव्हताच. मुंबईत लॅमिंग्टन रोडवरून, पुण्यात तपकीर गल्लीतून सुटे भाग आणून तो असेंबल केलेला असे आणि त्यात पायरेटेड विंडोज ‘टाकून’ मिळे. अपडेट चालू केलं तर ‘तुमची प्रत अस्सल नाही’ असा संदेश येईल या धास्तीने ऑटोमॅटिक अपडेट बंद ठेवायचा रिवाज पडला. मग कंपनीने सेटिंग सुधारली काय आणि न सुधारली काय, असा प्रश्न इथे रास्त आहे. आपल्याकडच्या बाधेचं मोठं कारण ई-मेलपेक्षा चोरटी सीडी आणि पुढे पेन ड्राइव्ह हे होतं. २६ एप्रिल १९९९ रोजी ‘सीआयएच’ व्हायरसने यंत्राची मूळ चिपच निकामी केली, तेव्हा आशियातल्या देशांना तडाखा जास्त बसला तो यामुळेच. ही पोकळी भरून काढायला जो धंदा उभा राहिला त्यात पुण्याचं नाव मोठं आहे. कैलास काटकर कॅल्क्युलेटर दुरुस्त करत, त्यांचे धाकटे भाऊ संजय यांनी दुरुस्तीला येणाऱ्या यंत्रांसाठी व्हायरस काढणारे प्रोग्राम लिहिले आणि त्यातून ‘क्विक हील’ तयार झालं. २०१६ साली ही कंपनी शेअर बाजारात आली. तो उद्यम कौतुकाचाच आहे. पण त्या धंद्याच्या वाढीतून निघणारा अर्थ वेगळा आहे. मूळ मालातली उणीव भरून काढायला ग्राहक दर वर्षी दुसऱ्याला पैसे देत होता, आणि मूळ विक्रेत्याला त्याची झळ लागत नव्हती. विंडोजबरोबर पुरता अँटीव्हायरस आपोआप चालू होऊन मिळू लागला तो थेट विंडोज ८ मध्ये, २०१२ साली.

पायरसीच्या आक्षेपाला उत्तर पेन ड्राइव्हनेच दिलं आहे. पेन ड्राइव्ह लावला की त्यातला प्रोग्राम आपोआप चालू करणारी ‘ऑटोरन’ ही सोय सीडीच्या काळातली. तिच्यामुळे सायबर कॅफे, झेरॉक्सची दुकानं, कॉलेजातल्या लॅब आणि घर यांच्यात रोगाची अखंड ये-जा चाले. पेन ड्राइव्ह स्कॅन करून मगच उघडा, असे कागद भिंतींवर चिकटवले गेले आणि त्यांचा उपयोग बेताचाच झाला. विंडोज ७ मध्ये ही सोय पेन ड्राइव्हपुरती काढून टाकली गेली, आणि फेब्रुवारी २०११ मध्ये जुन्या एक्सपी आणि व्हिस्टालाही ती दुरुस्ती अपडेटमधून मिळाली. त्यानंतर काही महिन्यांतच अशा प्रकारच्या बाधेत निम्म्याहून जास्त घट झाल्याचं मायक्रोसॉफ्टने स्वतःच जाहीर केलं. ज्यांची प्रत चोरटी होती त्यांना दुरुस्ती उशिरा पोचली हे मान्य, पण शेजारच्या दहा यंत्रांतून रोग गेला की अकराव्याकडे तो येतही कमी. आणि चोरटी प्रत वापरणारा गुन्हेगार ठरला, तरी पैसे मोजून अस्सल प्रत घेणाऱ्यालाही दहा वर्षं तीच सेटिंग मिळत होती, हे उरतंच.

उशिराचा कळस म्हणजे ऑफिसमधले मॅक्रो. वर्डच्या कागदातून पसरणारा ‘कॉन्सेप्ट’ हा पहिला मोठा मॅक्रो व्हायरस १९९५ चा, आणि तो खुद्द मायक्रोसॉफ्टच्या एका सीडीवरून चुकून वाटलाही गेला होता. मधल्या काळात इशाऱ्याच्या पट्ट्या आल्या, परवानगीची बटणं आली. फसवणाऱ्यांनी कागदातच लिहायला सुरुवात केली की मजकूर दिसत नसेल तर वरचं ‘एनेबल कंटेंट’ दाबा. ‘इमोटेट’ नावाची टोळीची यंत्रणा तर आधीच्या खऱ्या पत्रव्यवहारालाच उत्तर म्हणून असे कागद जोडत असे, आणि जानेवारी २०२१ मध्ये अनेक देशांच्या पोलिसांनी मिळून ती मोडेपर्यंत ते चाललं. इंटरनेटवरून आलेल्या कागदातले मॅक्रो सरसकट रोखायचा निर्णय अमलात आला २०२२ साली. कॉन्सेप्टपासून सत्तावीस वर्षांनी. एवढा उशीर का, याचं उत्तर मला तरी एकच दिसतं. बंद केलेली सोय मोठ्या ग्राहकांना खटकते, त्यांची जुनी कामं अडतात, आणि ते तक्रार करतात. २००० सालच्या आउटलुकच्या दुरुस्तीवर आणि २००४ च्या सर्व्हिस पॅकवर अशीच कुरकूर झाली होती. ही अडचण खोटी नाही. ज्या लेखनिकाचं महिन्याचं पगारपत्रक मॅक्रोवर चालतं त्याचा खोळंबा खराच आहे. पण गरजवंताने सोय चालू करून घ्यावी, आणि ज्याला तिचं नावही ठाऊक नाही त्याला ती बंदच मिळावी, ही वाटणी उलटी करण्याला तांत्रिक कारण काहीच नव्हतं.

आता सगळ्यात गंभीर आक्षेप. यंत्रं बंदिस्त झाली तसे चोर माणसाकडे वळले. ओटीपी विचारणारे फोन, ‘डिजिटल अरेस्ट’ची धमकी, बँकेच्या नावाचे खोटे संदेश, यांत फायरवॉल काय करणार? इथे तरी माणसाचं शहाणपण हाच उपाय नाही का? काही अंशी आहे. पण इथेही मूळ सेटिंगचा हात पोचतो, आणि त्याचा दाखला आपल्याच देशातला आहे. कार्डाने ऑनलाइन पैसे देताना दुसरी पडताळणी रिझर्व्ह बँकेने २००९ पासून सक्तीची केली. ऑक्टोबर २०२० पासून नवं कार्ड फक्त देशातल्या एटीएमवर आणि दुकानात चालेल, ऑनलाइन आणि परदेशी व्यवहार ग्राहकाने मागितले तरच चालू होतील, असा नियम लागू झाला. २०१७ च्या परिपत्रकाने, चूक ना ग्राहकाची ना बँकेची अशा फसवणुकीत तीन कामाच्या दिवसांत तक्रार केल्यास ग्राहकावर बोजा पडणार नाही, असं ठरवलं. यातल्या कुठल्याही नियमाने ग्राहक जास्त हुशार झाला नाही. चुकीची किंमत तेवढी कमी झाली, आणि ती भरायची कोणी हे बदललं. लग्नपत्रिकेच्या नावाने व्हॉट्सॲपवर येणारी एपीके फाईलही जुन्याच घराण्यातली आहे. नाव एक, आत प्रोग्राम, आणि पाठवणारा ओळखीचा. अँड्रॉइडवर ती टाकायला चार परवानग्या द्याव्या लागतात, विंडोज ९८ वर दोन क्लिक पुरत होते. फरक आहे, आणि तो यंत्राच्या बाजूने पडलेला आहे.

जबाबदारी मात्र पुन्हा घराकडे सरकवली जाते आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चे मोफत अपडेट थांबले. घरगुती ग्राहकांसाठी मुदतवाढीची जी योजना कंपनीने जाहीर केली ती एका वर्षाची. विंडोज ११ ला लागणारी सुरक्षा चिप आणि नवा प्रोसेसर नसलेली, एरवी धडधाकट चालणारी यंत्रं त्यामुळे उघडी पडतात, आणि ती टाकून नवी घ्या असा सल्ला मिळतो. आपला माहिती तंत्रज्ञान कायदा व्हायरस सोडणाऱ्याला पकडतो, पण विकलेल्या सॉफ्टवेअरची सेटिंग कशी असावी आणि त्याला अपडेट किती वर्षं मिळावेत याबद्दल तो गप्प आहे. ब्रिटनने २९ एप्रिल २०२४ पासून, इंटरनेटला जोडलेल्या घरगुती वस्तू सर्वांना सारख्या सोप्या पासवर्डसह विकायला बंदी केली आहे. युरोपीय संघाचा सायबर रेझिलियन्स कायदा मुळातूनच सुरक्षित मांडणी आणि सर्वसाधारणपणे किमान पाच वर्षांचे सुरक्षा-अपडेट निर्मात्यावर बंधनकारक करतो. त्याची मुख्य कलमं ११ डिसेंबर २०२७ पासून लागू होतील. तसा कायदा भारतात व्हावा अशी मागणी ग्राहक संघटनांनी आत्ताच लावून धरायला हवी.